चारचौघांसारखे

मुलाचे शिक्षण पुरे झाले, नोकरी लागली, लग्न होऊन तो संसाराला लागला, की आपल्याकडची वडीलधारी माणसे सुटकेचा श्वास सोडून म्हणतात, ‘चला, चारचौघांसारखे झाले.’ या उद्गारात माया आहे. आपले मूल कोणाच्या चेष्टेचा विषय होऊ नये, ते कोठे एकटे पडू नये, त्याला जगाच्या रहाटीत जागा मिळावी, एवढीच त्यामागची इच्छा असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हाच शब्द जेव्हा आपल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि ‘सगळे करतात, तू वेगळा का?’ असे विचारू लागतो, तेव्हा त्याच्या मायेतून हळूहळू धाक डोकावू लागतो. हा धाक आपल्याकडून काय घेतो, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात या प्रश्नाला थेट हात घातला आहे. प्रचलित युगाच्या ठेवणीप्रमाणे आपली ठेवण करून घेऊ नये, तर मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्यावे, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. हा उपदेश समजून घेताना एक गल्लत टाळली पाहिजे. शेजाऱ्यासारखे बोलणे, त्याच्यासारखे नेसणे, त्याच्या ओव्यांची गोडी लागणे म्हणजे जगाला शरण जाणे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू येथे आला, येथली भाषा शिकला आणि त्याने तारणाचा इतिहास मराठी ओव्यांत गुंफला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते चारचौघांच्या भाषेत होते, पण चारचौघांना जे ठाऊक नव्हते ते सांगण्यासाठी होते. देवाच्या पुत्राने आपल्यासारखा देह धारण केला, म्हणून माणसासारखे होण्यात पाप असूच शकत नाही. पाप आहे ते आपला निवाडा दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यात. आपण काय खावे, काय ल्यावे हे शेजाऱ्याला पाहून ठरविले तर फारसे बिघडत नाही. खरे काय आणि खोटे काय, हेही शेजाऱ्याला पाहून ठरवू लागलो की बिघडते.

प्रभू येशूने आपल्या मागे येऊ इच्छिणाऱ्यांना अंधारात ठेवले नाही. बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दाखला त्याने लूकच्या शुभवर्तमानात दिला आहे. आपणही हा हिशेब करतो. पण नीट पाहिले तर आपण खात्याची एकच बाजू लिहितो. देवाच्या मागे गेलो तर काय जाईल, याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. बढती जाईल, नातेवाईक दुखावतील, गावात हसे होईल, मुलांचे नुकसान होईल. जगाच्या मागे गेलो तर काय जाईल, याची यादी मात्र कोणी करीत नाही. जणू तो रस्ता फुकटचा आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की तोही रस्ता फुकटचा नाही. पहिल्या रस्त्याची किंमत डोळ्यांसमोर आणि एकदम मागितली जाते. दुसऱ्याची किंमत हप्त्याहप्त्याने, न मागता वसूल होते, म्हणून ती दिसत नाही.

हे पडताळून पाहण्यासाठी आपण एका शेतकऱ्याच्या आयुष्याकडे वळू. ऑस्ट्रियाच्या उत्तर भागात, जर्मनीच्या सीमेजवळ सेंट राडेगुंड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९०७ साली फ्रान्झ येगरश्टेटर जन्मला. त्याच्या आईचा विवाह झालेला नव्हता. त्याचा पिता पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि पुढे आईने ज्या शेतकऱ्याशी लग्न केले त्याने या मुलाला आपले नाव व आपली शेती दिली. तारुण्यात फ्रान्झमध्ये संतपणाची कोणतीही खूण दिसत नव्हती. गावात पहिली मोटारसायकल त्याने आणली. विवाहापूर्वीच त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ साली त्याने फ्रान्झिस्का या श्रद्धाळू तरुणीशी लग्न केले आणि दोघे रोमला जाऊन आली. पुढे त्यांना तीन मुली झाल्या. शेती, गुरे, मुली, मिस्सा आणि बायबलवाचन यांत त्याचे दिवस जाऊ लागले. काही काळाने गावच्या चर्चची देखभाल करण्याचे कामही त्याने पत्करले.

१९३८ च्या जानेवारीत त्याला एक स्वप्न पडले. एक देखणी आगगाडी डोंगराला वळसा घालून येत होती. लहानथोर सारे तिच्यात चढण्यासाठी धावत होते, कोणी कोणाला आवरू शकत नव्हते. तेवढ्यात त्याला एक आवाज ऐकू आला, की ही गाडी नरकाला जात आहे. सकाळसंध्याकाळ विरारच्या लोकलने प्रवास करणाऱ्या आपल्या वाचकांना या स्वप्नाची वेगळी फोड करून सांगण्याची गरज नाही. गर्दीच्या वेळी फलाटावर उभे राहिले, की आपण चढत नाही, आपण चढविले जातो. पाय उचलण्याचेही कष्ट पडत नाहीत. गाडी कोठे जाते हे विचारण्याचे भान फक्त त्यालाच राहते, जो गर्दीच्या थोडा बाहेर उभा असतो.

दोन महिन्यांनी हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात आल्या आणि १० एप्रिल १९३८ रोजी देश जर्मनीत विलीन झाल्याबद्दल लोकांचा कौल घेण्यात आला. सेंट राडेगुंड गावात विरोधी मत एकट्या फ्रान्झने दिले. गावच्या अधिकाऱ्यांनी ते मत दडपले आणि सारा गाव एकमुखाने अनुकूल असल्याचे कळविले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. अधिकाऱ्यांचा हेतू कदाचित वाईटही नसेल. एका हट्टी माणसापायी गावावर किटाळ येऊ नये, असेच त्यांना वाटले असेल. पण जगाशी जुळवून घेण्याचा पहिला हप्ता याच दिवशी चुकता झाला. सगळे एकमताचे आहेत, हे दाखवण्यासाठी गावाला खोटे बोलावे लागले. जे आहे ते नाही म्हणावे लागले. ‘सगळे असेच करतात’ या वाक्याच्या मुळाशी बहुधा असेच एखादे दडपलेले मत असते.

फ्रान्झचा पुढचा प्रवासही सरळ रेषेत झालेला नाही. नाझी पक्षाच्या वर्गण्या त्याने दिल्या नाहीत, सरकारी कुटुंबभत्ता घेतला नाही, गारपिटीने पीक गेले तेव्हाची मदतही नाकारली. तरीही १९४० साली सैन्याचे बोलावणे आले तेव्हा तो गेला, त्याने शपथ घेतली आणि शिक्षणही पुरे केले. याच काळात इब्स येथील मनोरुग्णालयातल्या रुग्णांना ठार मारण्यात येत असल्याचे त्याच्या कानांवर आले. १९४१ च्या एप्रिलात शेतीच्या कामासाठी त्याला घरी सोडण्यात आले, तेव्हा त्याचा निश्चय झाला होता. पुन्हा बोलावणे आले तर या अन्यायी युद्धात लढावयाचे नाही. म्हणजे तोही एकदा त्या गाडीत चढला होता. त्याचे मोठेपण न चढण्यात नाही, तर मधल्या स्थानकावर उतरण्यात आहे. आपल्यांपैकी पुष्कळांना यातच धीर वाटावा.

त्याला ज्यांनी अडविले ती माणसे दुष्ट नव्हती, हा या कथेचा सर्वांत अवघड भाग आहे. आईने विनवणी केली. नातलगांनी समजावले. परिचयाच्या धर्मगुरूंनी त्याला परोपरीने सांगून पाहिले. तो लिंझच्या बिशपस्वामींना जाऊन भेटला. त्यांनीही सांगितले, की सत्ताधाऱ्यांच्या कृत्यांचा जाब तुला द्यावयाचा नाही, तू आपल्या कुटुंबाकडे पाहा. हा सल्ला आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण आपल्यांपैकी प्रत्येकाने तो कोणाला तरी दिला आहे किंवा कोणाकडून तरी घेतला आहे. त्यात काळजी आहे, व्यवहार आहे, शास्त्राधारही आहे. फक्त एक गोष्ट नाही. फ्रान्झने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. हे युद्ध न्याय्य आहे का, एवढेच त्याने विचारले होते. त्याला उत्तर मिळाले ते कुटुंबाबद्दल.

तरीही कुटुंबाचा प्रश्न झटकून टाकता येत नाही. फ्रान्झिस्कापासून झालेल्या मुलींतली थोरली तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. आपल्या तत्त्वासाठी लेकरांना पोरके करण्याचा अधिकार बापाला आहे काय? यावर आम्हांला सोपे उत्तर सापडत नाही आणि ज्याला सहज सापडते त्याच्याविषयी आम्हांला थोडी शंकाच येते. फ्रान्झलाही ते सोपे गेले नाही. मात्र त्याला असे वाटत होते, की कुटुंब आहे म्हणून देवाचा अपमान करण्याची मुभा माणसाला मिळत नाही. फ्रान्झिस्कानेही आधी त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. पण साऱ्यांशी वाद घालताना तो किती एकाकी पडला आहे हे तिने पाहिले, तेव्हा ती त्याच्या बाजूने उभी राहिली. आपणही सोडले तर त्याला कोणीच उरणार नाही, हे तिला कळले. प्रेमाची व्याख्या यापेक्षा निराळी करता येईल असे आम्हांला वाटत नाही.

१ मार्च १९४३ रोजी तो एन्स येथील सैनिकी छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी, लढण्यास नकार दिल्यावर, त्याला अटक झाली. आजारी व जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्याची त्याने तयारी दाखविली होती, तिचा उपयोग झाला नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या सैनिकी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात फ्रान्झिस्काची आणि त्याची शेवटची भेट झाली, तीही घटकाभराची. बेड्या घातलेल्या हातांनी लिहिताना त्याने असा भाव प्रकट केला, की इच्छाशक्तीला बेड्या पडण्यापेक्षा हातांना पडलेल्या बऱ्या. फ्रान्झ राइनिश या ऑस्ट्रियन धर्मगुरूनेही हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारून आदल्या वर्षी मरण पत्करले होते, हे तुरुंगातल्या धर्मगुरूकडून कळले तेव्हा त्याला मोठे समाधान लाभले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. तो छत्तीस वर्षांचा होता.

त्याने मोजलेली किंमत ही अशी आहे. फ्रान्झिस्कानेही ती पुढे वर्षानुवर्षे मोजली. नवऱ्याला तिनेच देवभोळेपणाच्या नादी लावून मारले, असे गावात बोलले गेले. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यात आले. शेत तिने स्वतः कसले, मुली वाढविल्या आणि नवरा करीत असे ते चर्चच्या देखभालीचे कामही स्वीकारले.

आता खात्याची दुसरी बाजू पाहू. ज्यांनी जगाची चाल धरली त्यांचे काय झाले? त्यांच्याही घरची तरुण मुले युद्धावर गेली आणि कित्येक परतली नाहीत. म्हणजे वाचविण्यासाठी जे केले त्याने वाचले नाहीच. पण त्याहून खोल अशी एक हानी झाली. युद्ध संपल्यावर, नाझी राज्य लयाला गेल्यावरही, फ्रान्झचे नाव घेणे गावाला जड जात होते. १९४६ साली धर्मप्रांताच्या नियतकालिकात त्याच्यावर लेख येऊ घातला, तेव्हा त्याच बिशपस्वामींनी तो छापू दिला नाही. आपले कर्तव्य समजून लढता लढता मेलेले तरुण हेच त्यांच्या मते खरे वीर होते. त्या तरुणांची हेटाळणी करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण एका शेतकऱ्याच्या सत्याची भीती का वाटावी? त्याने तर कोणावरही आरोप केला नव्हता. उत्तर आम्हांला असे दिसते, की जगाशी जुळवून घेतलेल्या मनाला दुसऱ्याचा प्रामाणिकपणा हाच आरोप वाटू लागतो. शेजारी सत्याने वागला, याचा आनंद मानण्याची शक्ती ते गमावून बसते. आमच्या मते जगाच्या मागे जाण्याची खरी किंमत ही आहे. आधी माणूस ‘नाही’ म्हणण्याची शक्ती हरवतो आणि मग दुसऱ्याचे ‘नाही’ सहन करण्याचीही.

या एकाकी शेतकऱ्याचे नाव ख्रिस्तसभेच्या कानांवर घालण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी १९६४ साली त्याच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी त्याचा दाखला पुढे मांडला. हे रॉबर्ट्स १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप होते आणि भारतीय धर्मगुरूला वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी ते पद सोडले होते. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, हा विचार परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या आपल्या दस्तऐवजात नमूद केला. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा रद्दबातल ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होती. पण यांतले काहीही घडले नसते, तरी त्या नकाराचे मोल तसूभरही कमी झाले नसते. देवाच्या दरबारात साक्ष मोजली जाते, तिचा गाजावाजा नव्हे.

आपल्यावर असा प्रसंग आलेला नाही आणि देवाच्या दयेने येऊही नये. हिटलरच्या राज्याची आणि आपल्या दैनंदिन तडजोडींची बरोबरी करणे हास्यास्पद ठरेल. परंतु हप्त्याहप्त्याने किंमत वसूल होण्याचा नियम लहान गोष्टींतही तोच असतो. ऐपत नसताना कर्ज काढून मांडव घालणारा बाप कोणाच्या सुखासाठी तो घालतो? मुलीला नाही, जावयाला नाही, ते लोकांना हवे असते. आणि त्याने घातलेला मांडव पाहून पुढच्या घरच्या बापाला एक हात मोठा घालावा लागतो. कचेरीत खोटे बिल पहिल्यांदा पुढे येते तेव्हा हात थरथरतो. दहाव्यांदा तो थरथरत नाही, आणि हात स्थिर झाला याचे आपल्याला समाधान वाटते. वास्तविक तेव्हाच घाबरावयास हवे.

वसईच्या वाचकांना तर हा हिशेब पाण्याच्या चवीवरून कळला आहे. शेजाऱ्याने जमीन विकली म्हणून आपण विकली, शेजाऱ्याच्या विहिरीवर टँकर लागला म्हणून आपल्याही विहिरीवर लावला. पैसे ज्याचे त्याला मिळाले, पण उपशाने पाणी खारट झाले ते न विकणाऱ्यांच्याही विहिरींचे. १९९० च्या दशकात हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, तेव्हा विकासाला आडवे येणारे अशी त्यांची संभावना करणारे आपल्यांतही होते. सेंट राडेगुंड आपल्यापासून फार दूर नाही.

तेव्हा करावे काय? प्रत्येक बाबतीत जगाच्या उलट चालणे हा काही धर्म नव्हे. वेगळेपणाचा अहंकार हीसुद्धा जगाचीच एक चाल आहे. फ्रान्झच्या नकाराला तीन कसोट्या लागल्या होत्या. त्याने आधी विचारले, शोधले, प्रार्थना केली. जे करता येण्याजोगे होते, म्हणजे जखमींची सेवा, तिला तो तयार होता. आणि जे युद्धावर गेले त्यांचा त्याने धिक्कार केला नाही. ज्या नकारात शोध नाही, सेवेची तयारी नाही आणि दुसऱ्याविषयी कोवळीक नाही, तो हट्ट असण्याचा संभव अधिक.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकता येते. १९४३ चा मोठा नकार त्याला एकाएकी सुचला नाही. वर्गणीला नकार, भत्त्याला नकार, मदतीला नकार, असा त्याने आधी सराव केला होता. वर्षाकाठी चार पैशांचे नुकसान सोसून त्याने आपली जीभ ‘नाही’ या शब्दाला सरावलेली ठेवली होती. आपल्यालाही एवढे करता येईल. प्रायश्चित्तकाळात आपण मांस सोडतो, दारू सोडतो. त्याच्या जोडीला एखादी अशी गोष्ट सोडून पाहावी, जी आपण निव्वळ लोक करतात म्हणून करीत आलो. ती सोडताना मन कोठे कोठे अडते, हे पाहिले म्हणजे आजवर किती हप्ते गेले याचा अंदाज येतो. आणि शेजारी असे काही सोडू लागला, तर निदान त्याला हसू नये. त्याच्या घरी जाऊन बसावे. फ्रान्झिस्काने तेवढेच केले होते.

आपली मुले चारचौघांसारखी व्हावीत, ही प्रार्थना आपण करीतच राहू. फक्त तीत एक मागणे वाढवावे. कधी चारचौघे चुकले, तर त्याला ते कळावे, आणि तो एकटा उभा राहिला तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहण्याचे बळ आपल्याला मिळावे.